दसऱ्याला सांगते

कोबेची माणसं ऑफिसला जायच्या आधी डोंगर चढून येतात, हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. शहराच्या पाठीशी टेकड्यांची रांग, पुढ्यात बंदर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही सगळे. सान्नोमिया स्टेशनपासून सरळ वर चालत सुटलं की दुकानं संपतात, घरं संपतात, आणि डांबरी रस्त्याच्या पायऱ्या कधी झाल्या ते कळत नाही. सकाळी त्या पायऱ्यांवर निवृत्त साहेब, शाळेतल्या बाई, कोट घडी करून सॅकमध्ये ठेवलेली तरुण मुलं अशी सगळी वरात निघालेली असते. वर चहाचं दुकान असतं. तिथे आपल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, चहा प्यायचा, बंदरातल्या बोटी बघायच्या आणि उतरून कामाला लागायचं. हे रोज, वर्षानुवर्षं. या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का, असं मी उत्तराला विचारलं होतं. ती म्हणाली, "तू एकदा चल, मग बोल."

मी सुरेखा. एका बँकेच्या कोबे शाखेत आहे. नवरा देवदत्त नागोयाला गाड्यांच्या कंपनीत, त्यामुळे एका आठवड्याला तो इकडे येतो, एकाला मी तिकडे जाते, आणि माझा व्यायाम म्हणजे शिंकानसेन चुकू नये म्हणून केलेली धावपळ. उत्तरा माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तिचा नवरा चारुदत्त ट्रेडिंग कंपनीत आहे. तीन वर्षांसाठी म्हणून आले, मुदत वाढत गेली, शेवटी कायमचा व्हिसाही झाला. ठाण्याला उत्तराचं स्वतःचं पोळी-भाजी केंद्र होतं, हाताखाली दोघी बायका होत्या, दुपारी बाहेर रांग लागायची. पोस्टिंग आलं आणि ते बंद केलं. "तवेसुद्धा विकले गं," असं ती हसत सांगायची. ते हसणं खोटं आहे हे कळायला मला फार हुशारी लागली नाही.

इथे तिने काय काय केलं. बेन्तोच्या कारखान्यात डबे भरले, जपानी बायकांना डाळ शिकवली, हिंदी शिकवायचाही प्रयत्न केला. कशातच तिचा जीव रमला नाही. मग ती टेकडी चढायला लागली आणि एके दिवशी वरच्या दुकानात गर्दी बघून आपणहून कप विसळायला उभी राहिली. दुकानाच्या मालकीणबाई नाकाओ-सान. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, बारीक, कमरेत वाकलेल्या. त्यांनी काही न बोलता हिच्या हातात कोरडा पंचा दिला. तिथून हिचा बाइतो सुरू झाला. इथे अर्धवेळ नोकरीला सगळे बाइतोच म्हणतात, पण उत्तरा ज्या तोंडाने तो शब्द उच्चारायची, त्यावरून वाटावं की हिला कुठल्या कंपनीची डायरेक्टर केलंय.

माझ्या शनिवारच्या चढाया तिच्यामुळे सुरू झाल्या. कन्व्हीनियन्स स्टोअरची पिशवी हातात घेऊन वर जायचं नाही, हा तिने दिलेला पहिला धडा. टेकडीवर रानडुकरं आहेत आणि त्यांना त्या पिशवीचा आवाज चांगला ओळखू येतो. वाटेत दिसेल त्याला 'ओहायो' म्हणायचं, हा दुसरा. मला धाप लागलेली असायची, त्यामुळे माझं ओहायो अर्धंच निघायचं. उत्तरा मात्र सगळ्यांना नावानिशी ओळखायची, कोणाचा गुडघा, कोणाची नात, सगळं तिला पाठ.

दुकान म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, लांब बाकं, एक मोठी किटली. सकाळी टोस्ट आणि उकडलेलं अंडं, थंडीत ओदेन, म्हणजे रश्श्यात उकळलेला मुळा, अंडी, माशाचे वडे. पण काचेतून सगळं बंदर दिसायचं. उत्तरा तिथे बसून मोठमोठे बेत करायची. या कोपऱ्यात मसाला चहा, रविवारी थालीपीठ, थंडीत गरम मुगाची खिचडी. नाकाओ-साननाही ती हे सगळं ऐकवायची. "इथे एक फळी ठोकली तर?" असं तिने म्हटलं की म्हातारी भिंतीकडे बघून मान डोलवायची. माझ्या मते त्या फळ्यांवरूनच नाकाओ-साननी मनात काय ते ठरवलं असावं.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. शनिवार होता, सकाळची गर्दी ओसरली होती. नाकाओ-सान आमच्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. कमरेने दगा दिलाय, म्हणाल्या. डॉक्टर पायऱ्या चढायला नको म्हणतात. दुकान त्यांच्या सासूने सुरू केलेलं, मुलगा तोक्योला, त्याला यात रस नाही. जागा मागच्या एका छोट्या देवळाची, भाडं नावापुरतं. मग त्यांनी पंच्याला हात पुसले आणि म्हणाल्या, "उत्तरा-सान, हे दुकान तुम्ही चालवाल का?"

उत्तराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"घाई नाही," नाकाओ-सान म्हणाल्या. "घरी बोला. सावकाश विचार करा." आणि टेबलावरचे कप उचलता उचलता पुढे म्हणाल्या, "हिगानला मुलगा यायचाय, कबरीला पाणी घालायला. तेव्हा तो देवळातही जाऊन येईल."

हिगान म्हणजे इथला पितरांचा आठवडा, सप्टेंबरच्या शेवटी येतो. मी जपानी गिऱ्हाइकांशी बोलण्यात निम्मी नोकरी घालवली आहे. 'घाई नाही' याच्या पाठोपाठ जे वाक्य येतं, ते नीट ऐकायचं असतं. त्यांना निर्णय हिगानच्या आत हवाय, हे उतरताना मी उत्तराला सांगितलं. पण ती ऐकण्याच्या अवस्थेतच नव्हती, पायऱ्या जवळजवळ उड्या मारत उतरत होती.

"मी हो म्हणणार," ती म्हणाली.

"मग वळ ना मागे. आत्ता सांगून ये."

"आत्ता नको. पितृपक्ष चालू आहे."

मी थांबले. "तू पितृपक्ष मानतेस?"

"मी नाही गं मानत. पण उद्या काही कमी-जास्त झालं, धंदा बसला, कोणी पडलं-झडलं, की घरात कोणीतरी म्हणणारच, पितृपक्षात घेतलं ना. ते मला ऐकायचं नाही. माझं एक दुकान गेलंय, सुरेखा. हे मला नीट सुरू करायचंय."

"मग निदान एवढं तरी सांग की माझ्या मनात आहे, पितृपक्ष संपला की पक्कं सांगते."

"तोंडातून शब्द गेला की सुरुवात झालीच की. आणि त्याच म्हणाल्या, घाई नाही."

न मानणाऱ्यांचं पंचांग जास्त कडक असतं, हे मी तेव्हाच तिला ऐकवलं. ती हसली. तिला त्या दिवशी कशानेही हसू येत होतं.

चारुदत्तने ऐकल्याबरोबर होकार दिला. "घे तू. रविवारी गॅसचे सिलिंडर मी वर चढवीन," असंही म्हणाला, आणि त्याला जिना चढतानाही लिफ्ट आठवते हे माहीत असल्यामुळे आम्ही दोघी खूप हसलो. तो स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवतो. त्यानेही पुढे जोडलंच, "फक्त पितृपक्ष संपू दे. मला काही नाही, पण आईच्या मनाला कशाला उगाच."

आईच्या मनाला लागू नये म्हणून गप्प राहायचं ठरलं आणि त्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर चारुदत्तनेच आईला सगळं सांगून टाकलं. सुमनकाकू डोंबिवलीला असतात. मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, त्यांना खरोखर आनंद झाला. सुनेचं दुकान माझ्या मुलामुळे बंद पडलं, ही टोचणी त्यांना होती. "अगं, फार छान झालं," म्हणाल्या. "आता एवढे थांबताच आहात, तर दसऱ्यालाच होकार कळव. साडेतीन मुहूर्तांपैकी, वेगळं काही बघायला नको." आणि मग, "माझी सक्ती नाही हो."

सक्ती नाही म्हणणाऱ्यांची सक्ती मोडणं फार अवघड. अशा रीतीने पितृपक्ष संपेपर्यंतचं थांबणं दसऱ्यापर्यंत लांबलं, आणि कोणीही कोणावर रागावलं नाही. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या दिवसांत उत्तरा रोज वर जात होती. मनातून ती उडत होती, घरी रात्रभर चहाच्या मसाल्याची प्रमाणं बदलून बघत होती, मला चार-चारदा चव घ्यायला लावत होती. पण दुकानात गेली की तिने तोंडाला कुलूप लावलं. फळी नाही, थालीपीठ नाही, पुढचं काहीच बोलायचं नाही. चुकून शब्द जाईल अशी तिला भीती. नाकाओ-सान जवळ आल्या की ही खाली बघून कप पुसत राहायची. मी एका शनिवारी हे डोळ्यांनी बघितलं आणि उतरताना म्हटलं, "तू अशी वागतेस की त्यांना वाटेल हिला नकोय."

"असं कसं वाटेल? मी रोज येतेय ना."

"तेच तर. नको म्हणायचं धाडस नाही म्हणून येतेय, असं वाटू शकतं इथल्या माणसाला."

"तू बँकेत फार राहिलीस," ती म्हणाली आणि विषय बदलला.

त्याच शनिवारी तिच्या वडिलांची तिथी होती. भाऊ अमेरिकेत, त्याच्या ध्यानात राहत नाही, म्हणून ही आपली पान वाढते. बाल्कनीत भात ठेवला तर कावळे येतात आणि शेजारी तक्रार करतात, इथले कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडतात म्हणून सगळे त्यांच्यावर डूख धरून असतात. म्हणून तिने खीर आणि भात डब्यात घालून टेकडीवर आणला होता. दुकानाच्या मागे एका खडकावर ठेवला. कावळा लगेच शिवला. इथे येणाऱ्या पितरांना कसलीच इच्छा राहिलेली नसते बहुतेक, मी म्हटलं. उत्तराने डोळे पुसले. तिच्या वडिलांचं दादरला चहा-फराळाचं छोटं हॉटेल होतं, हे मला तेव्हा कळलं. नाकाओ-सान दारात येऊन बघत होत्या. कोणासाठी, त्यांनी विचारलं. वडिलांसाठी, उत्तरा म्हणाली. त्यांनीही खडकाकडे बघून हात जोडले.

पितृपक्ष संपला, घट बसले. हिगानचा आठवडा सुरूच होता. त्यांचे पितर आणि आमचे पितर साधारण एकाच सुमाराला येतात, हे मला मोठं गमतीचं वाटत आलंय. फरक एवढाच की आम्ही त्या दिवसांत कामं थांबवतो आणि ते लोक घरची सगळी माणसं जमलेली असतात म्हणून राहिलेली कामं उरकून घेतात. हिगानच्या मध्यावर सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी नाकाओ-साननी दुकान बंद ठेवलं, मुलगा येतोय म्हणून उत्तरालाही येऊ नका म्हणाल्या. मी त्या दिवशी नागोयाला होते. तिथून उत्तराला फोन केला.

"मुलगा आलाय त्यांचा. आता पितृपक्षही संपलाय. जा आणि सांग."

"अगं, घट बसलेत, घरात सोवळं-ओवळं, माळ, किती काम आहे. आणि दसऱ्याला असे कितीसे दिवस राहिले? आईंना शब्द दिलाय."

देवदत्त म्हणाला, तू का एवढी तिच्या मागे लागतेस. मी फोन ठेवून दिला. माझ्या हातात तेवढंच होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी बँकेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि सकाळीच तिच्याबरोबर निघाले. एरवी ट्रॅकपँटमध्ये जाणारी उत्तरा त्या दिवशी मोरपंखी रेशमी कुडता घालून आली होती, खाली तेच चढणीचे बूट. हातात घरच्या बेसनाच्या लाडवांचा डबा, सोनेरी कागदाची कापलेली आपट्याची पानं. वाटेतल्या माणसांनी तिला विचारलं, आज काय सण? ती म्हणाली, वर गेल्यावर सांगते. पूर्ण चढणीत ती मनातल्या मनात जपानी वाक्यं जुळवत होती, ओठ हलताना मला दिसत होते.

दुकानात दोनच माणसं होती, तीही उठत होती. उत्तराने डबा टेबलावर ठेवला, सरळ उभी राहिली, वाकून नमस्कार केला आणि जुळवलेलं सगळं वाक्य न अडखळता म्हटलं. उशीर झाला त्याबद्दल क्षमा असावी. हे दुकान मी मनापासून चालवीन. तुमचं नाव खाली जाऊ देणार नाही.

नाकाओ-सान वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. जपानी माणूस इतका वेळ वाकतो तेव्हा तो आभार मानत नसतो.

"माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "मुलगा हिगानला देवळात गेला होता. जागा परत देतो म्हणून सांगून आला. मागचा उतार दर पावसात थोडा थोडा घसरतोय, देवळाला तिथे बांध घालायचाय, ते कधीपासून थांबले होते. कागद झाले. पुढच्या महिन्यात दुकान पाडणार."

उत्तराला आधी कळलंच नसावं. ती तशीच हसऱ्या तोंडाने उभी होती, मग ते हसू विझलं. "परत नाही विचारता येणार?" तिने विचारलं.

"मी जाऊन बोलते," मी मध्ये पडले. "बँकेतून एखादं पत्र, काही हमी, जे लागेल ते..."

नाकाओ-साननी मान हलवली. कंत्राटदाराला काम दिलंय, देवळाने गावातल्या लोकांना कळवलंय. दिलेला शब्द परत घ्यायला तोंड नाही. हे सगळं त्या उत्तराला नाही, टेबलाला सांगत होत्या. मग वर बघून त्यांनी विचारलं, "इतके दिवस का नाही बोललात?"

उत्तराने सांगितलं. आमच्याकडे पितरांचा पंधरवडा असतो, त्यात नवीन काही सुरू करत नाहीत. आणि त्यानंतर हा आजचा दिवस, फार चांगला मानतात, म्हणून. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते कसं ऐकू येत होतं कोण जाणे, तिचा आवाज बारीक होत गेला.

नाकाओ-साननी नीट ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही त्या पंधरवड्यात हो म्हटलं असतं," त्यांनी विचारलं, "तर तुमच्या वडिलांना राग आला असता?"

उत्तरा बाकावर बसली. ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "बाबा तर सगळ्यात आधी येऊन बाकावर बसले असते गं. चहात साखर कमी आहे म्हणून मला ओरडले असते." आणि मग ती रडायला लागली. ठाण्याचं दुकान बंद केल्याचं सांगताना ती कधी रडली नव्हती, सगळं आत्ता बाहेर आलं. लाडवांचा डबा तसाच मिटलेला होता आणि मला त्या डब्याचा, पंचांगाचा, सुमनकाकूंच्या गोड आवाजाचा, चारुदत्तच्या विज्ञानाचा असा काही संताप आला की माझेच डोळे भरून आले.

"काय म्हणाल्या?" नाकाओ-साननी मला हळूच विचारलं.

क्षणभर वाटलं, काहीतरी गुळमुळीत सांगून टाकावं. म्हातारीला कशाला आणखी त्रास. पण सांभाळून घेण्याने काय होतं ते समोर दिसत होतं. मी शब्दन् शब्द सांगितला, साखरेसकट.

नाकाओ-सान किटलीपाशी गेल्या, परत आल्या. चहा आणायचा विसरल्या होत्या. उत्तराच्या शेजारी बाकावर बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून, मला उद्देशून म्हणाल्या, "मुलगा म्हणत होता, आई, एकदा तिला स्पष्ट विचार. तिची वाट बघ, मी आणखी दोन दिवस राहतो. मीच नको म्हटलं. म्हटलं, भली मुलगी आहे, तिला नाही म्हणायला जड जाईल."